पणजोबांचे नाव जनगणनेत मिळेल का?

पत्राचा सारांश : अमळनेर तालुक्यात घर-शेती आणि नोकरीनिमित्त नाशिकला राहणाऱ्या एका वाचकाचे हे पत्र आहे. त्यांचे वडील ८१ वर्षांचे आहेत. आपले मूळ गाव कोणते, हे डोळे मिटण्याआधी कळावे, ही त्यांची इच्छा आहे. पणजोबा छप्पनच्या (१८९९-१९०० च्या) दुष्काळात तापी ओलांडून अलीकडे आले, एवढेच घरात ठाऊक आहे. चोपड्याकडचे की शिरपूरकडचे, यावर दोन मते आहेत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मामेभावाने सांगितले की तिकडे जुन्या जनगणनेत घरातल्या माणसांची नावे सापडतात. तेव्हा १९०१ च्या जनगणनेत पणजोबा सापडतील अशी आशा लागली. तालुक्याच्या गावातला एक जण पंधरा हजार रुपयांत ‘१८८१ च्या खानेसुमारीचा’, म्हणजे जनगणनेचा, ‘उतारा’ काढून देतो म्हणतो. दरम्यान, ८८ वर्षांच्या आत्यांनी बोलता बोलता सांगितले की पणजी पाटाने, म्हणजे दुसऱ्या लग्नाने, या घरात आली तेव्हा आजोबा तिच्या कडेवर होते. तेव्हापासून वडील गप्प आहेत आणि चुलतकाका म्हणतात, जुनी मढी उकरू नका. वाचक विचारतात : जनगणनेचे कागद कुठे मिळतील, त्या माणसाला पैसे द्यावेत का, आणि हा शोध पुढे न्यावा की इथेच थांबावे?

तुमचे पत्र वाचून पहिली गोष्ट सांगते ती पैशांची. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. १८८१ च्या खानेसुमारीचा माणसाच्या नावाचा उतारा मिळत नाही. तुमच्या पणजोबांचा नाही, तसा कुणाच्याच पणजोबांचा नाही. तो जो कागद आणून देईल तो एक तर दुसऱ्याच कुठल्या दप्तराचा असेल किंवा बनावट असेल. बनावट निघाला तर उद्या तुमच्या मुलांच्या एखाद्या अर्जाला तो जोडला जाईल आणि निस्तरायची वेळ तुमच्यावर येईल.

मामेभाऊ म्हणतात तेही खोटे नाही. इंग्लंडमध्ये जनगणनेचे घरोघरचे तक्ते जपून ठेवतात आणि शंभर वर्षांनी लोकांना पाहू देतात. १९२१ चे तक्ते २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. अमेरिकेत हीच मुदत ७२ वर्षांची आहे. आपल्याकडची रीत वेगळी होती. मुंबई इलाख्यात पहिली खानेसुमारी १८७२ मध्ये झाली, सबंध देशात एकाच वेळी मोजणी झाली ती १८८१ मध्ये. १९०१ पासून प्रत्येक माणसामागे एक चिठ्ठी लिहून त्या चिठ्ठ्यांची वर्गवारी करायची पद्धत आली. पण सरकारला हवे होते आकडे : किती माणसे, कोणत्या जातीची, कोणत्या धंद्यातली, किती लिहिता-वाचता येणारी. आकड्यांचे तक्ते छापून झाले की नावे असलेले कागद सांभाळण्याचे कारण उरत नसे. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा जनगणना कायदा आला. त्याच्या पंधराव्या कलमाप्रमाणे जनगणनेतली माणसागणिक माहिती कुणाला पाहायला मिळत नाही आणि एखाद-दुसरा अपवाद सोडता कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही.

म्हणजे जनगणना तुमच्या काहीच कामाची नाही का? नावासाठी नाही, पण काळ समजून घेण्यासाठी आहे. खानदेशची लोकसंख्या १८९१ मध्ये सव्वाचौदा लाखांच्या वर होती. दहा वर्षांनी, १९०१ मध्ये, ती वाढायच्या ऐवजी थोडी घटलेली दिसते. मधल्या काळात प्लेग आला आणि १८९९-१९०० चा दुष्काळ पडला. विक्रम संवत १९५६ म्हणून लोकांनी त्याला छप्पनचा म्हटले. तुमचे पणजोबा त्या घटीच्या काळात बैलगाडी जुंपून किंवा पायी नदी उतरले. असे निघालेले घर त्यांचे एकट्याचे नव्हते, आणि म्हणूनच त्यांचा माग काढताना ‘कुटुंबावर काही डाग होता म्हणून गाव सोडले असेल’ ही शंका आधी बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात ती दोनदा डोकावते.

आता नाव कुठे मिळेल ते पाहू. तुम्ही पणजोबांपासून सुरुवात करू पाहता आहात. मी म्हणेन, आत्यांपासून करा आणि एकेक पिढी मागे जा. आत्या आहेत तोवर जे मिळेल ते कुठल्याही रेकॉर्ड रूममध्ये मिळणार नाही, आणि रेकॉर्ड रूम पुढच्या वर्षीही तिथेच असेल. त्यांना सन विचारू नका, सन त्यांना सांगता येणार नाही. त्यांचे आजोबा, म्हणजे तुमचे पणजोबा, फैजपूरच्या काँग्रेसच्या आधी वारले की नंतर, असे विचारा. ते अधिवेशन डिसेंबर १९३६ चे, आणि पूर्व खानदेशातल्या घरांत ती आठवण पिढीजात चालत आली आहे. पणजीला त्यांनी स्वतः पाहिले आहे; ती कोणत्या गावच्या माहेरची म्हणून बोलायची, तिच्याकडे राखीला कोण यायचे, जाऊळ काढायला घरची माणसे कुठे जायची, हे विचारा. धुळ्याची एकवीरा, म्हसदीची धनदाई, पाटणची आशापुरी, सातपुड्याच्या पायथ्याची मनुदेवी, यांतल्या कुणाकडे तुमचे घर जाते, त्यावरून घराण्याची दिशा कळते. गाव कळतेच असे नाही, पण कोणत्या गावांकडे पाहायचे ते कळते. आत्या अहिराणीत बोलतील तर अहिराणीतच लिहून घ्या, पुस्तकी मराठीत करू नका. त्यांनी घेतलेले गावाचे नाव आणि कागदावरचे नाव वेगळे असते, आणि तोंडचा उच्चारच पुढे मोडी वाचणाऱ्याच्या कामी येतो.

दुसरा माग कानबाईचा, खानदेशातल्या घरांत श्रावणात बसवतात त्या देवीचा. तुमच्या भाऊबंदकीत श्रावणात कानबाई बसते असे तुम्ही लिहिले आहे, पण रोट, म्हणजे तिचा प्रसाद, खायला कोण कोण येते हे लिहिलेले नाही. रोट भाऊबंदांबाहेर जात नाहीत. तेव्हा दूरच्या गावाहून एखादे घर कधी काळी रोटाला येत होते आणि पुढे यायचे थांबले, असे काही वडीलधाऱ्यांना आठवते का, ते विचारा. तापीपलीकडचे ते एक घर मिळाले तर निम्मे काम झाले म्हणून समजा.

मग कागद. तुमच्या घरी जमीन आहे, म्हणून तुमची वाट सोपी आहे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये आला आणि त्यानंतर गावोगाव फेरफाराची, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांची, वही सुरू झाली. आजच्या सातबाऱ्यावर तुमच्या गटाखाली जुने फेरफार क्रमांक गोलात लिहिलेले असतात. तिथून एकेक मागे जा. तुम्हाला हवी आहे ती वारसाची नोंद, पणजोबा वारल्यानंतरची. तिच्यात साधारण असा मजकूर असतो : अमुक वल्द अमुक हे अमक्या तारखेस मयत, त्यांना वारस मुलगे इतके, मुली इतक्या, बायको अमुक. ‘वल्द’ म्हणजे मुलगा; त्यानंतरचे नाव तुमच्या खापरपणजोबांचे. ‘कोम’ असेल तिथे बायकोचे नाव आधी आणि नवऱ्याचे नंतर. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता; मुलगा लहान असताना कुणाच्या हवाली होता ते तिथे कळते. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. तिथे एकाचेच नाव दिसते म्हणून बाकीचे भाऊ नव्हते असे समजू नका. आडनाव बहुधा नसेल. आज तुमच्या गावात निम्मी घरे पाटील लावतात, पण शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदीत त्यांतली बरीच नुसत्या बापलेकांच्या नावांनी आहेत. म्हणून ‘पाटील’ शोधत बसू नका, नावांची जोडी शोधा.

जुने सातबारे आणि फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत; तुमच्या गावाचे तिथे आधी पाहा. नसतील तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. अर्ज थेट नकलेचा करू नका, आधी वही पाहू द्या असा करा. नक्कल मागायला क्रमांक लागतो, आणि क्रमांक वही चाळल्याशिवाय कळत नाही. मोजणीच्या वेळचे त्याहून जुने कागद भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे असतात.

कोतवाल बुकाची चौकशीही त्याच कचेरीत करा. हे गावचे जन्म-मृत्यूचे रजिस्टर, गाव नमुना नंबर १४. वंशावळ शोधणाऱ्यांना मी हेच पुस्तक आवर्जून पाहायला सांगते, कारण त्यात ज्याला वीतभर जमीन नव्हती तोही मरताना एकदा लिहिला जातो. जमिनीच्या दप्तरात शेतमजूर, बलुतेदार, तडवी-भिल्ल यांची घरे फार कमी दिसतात. कोतवाल बुकात ती दिसतात. नोंद अगदी त्रोटक असते : नाव, जात, वय, कशाने मेला. कारण म्हणून ताप, पटकी, देवी, हगवण असे एकेक शब्द. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुतेक नसतेच, ‘अमक्यास मुलगा’ एवढेच. म्हणून आजोबांच्या नावाने शोधाल तर हाती काही लागणार नाही, त्यांच्या वडिलांच्या नावाने शोधा.

ही वही मोडीत असेल. मोडीत आधी डोक्यावरची रेघ ओढून घेतात आणि तिला अक्षरे टांगत जातात. शब्द तोडलेले नसतात आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. नथू, नाथू आणि नत्थू या तिघांत भल्याभल्या वाचकाची गल्लत होऊ शकते. म्हणून वाचणाऱ्याला तुम्हाला हवे असलेले नाव आधी सांगू नका. पानाचा फोटो द्या आणि ‘काय लिहिले आहे ते वाचा’ एवढेच म्हणा. नाव आधी सांगितले की ते दिसायला लागते. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागदांचा मोठा संग्रह आहे. मोडी वाचणाऱ्यांची चौकशी करायला खानदेशात त्याहून चांगली जागा मला माहीत नाही. शिवाय २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समितीच्या कामात तहसिलींतली ही दप्तरे बाहेर निघाली, मोडी वाचणारे नेमले गेले आणि अनेक जिल्ह्यांनी सापडलेल्या नोंदी आपापल्या संकेतस्थळांवर टाकल्या. तुमचे काम जातीच्या दाखल्याचे नाही, तरी त्या नोंदींत तुमच्या गावची पाने असतील तर तुमचे कष्ट वाचतील.

आणि एक वही अशी आहे की जिच्यामुळे तुमची जनगणनेची आशा थोडी पुरी होऊ शकते. १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून तेव्हा राष्ट्रीय नागरिक रजिस्टर लिहिले गेले. घरवार नावे, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय, धंदा. सगळ्या तहसिलींत ते उरलेले नाही, पण काही ठिकाणी सापडते. पणजोबा त्यात नसतील, ते तोवर गेलेले होते. पण आत्यांनी आपल्या आजीला पाहिले आहे, म्हणजे तुमची पणजी तेव्हा हयात असण्याची शक्यता आहे. १९०१ मध्ये पणजोबांना शोधण्यापेक्षा १९५१ मध्ये पणजीला शोधा.

गावाचे नाव हाती आल्यावर एका गोष्टीत घाई करू नका. खानदेशात एकाच नावाची गावे पुष्कळ. बुद्रुक-खुर्द तर आहेच, शिवाय नावापुढे ‘प्र.’ लिहून परगण्याचे आद्याक्षर जोडलेले असते. ते अक्षर गाळून लिहून आणाल तर चुकीच्या तालुक्यात जाल. चोपडा जळगाव जिल्ह्यात आणि शिरपूर धुळ्यात, पण ही वाटणी १९०६ ची, पूर्व आणि पश्चिम खानदेश वेगळे झाले तेव्हाची. पणजोबा निघाले तेव्हा सगळा एकच खानदेश जिल्हा होता आणि त्याचे ठाणे धुळे. म्हणून गाव चोपड्याकडचे निघाले तरी १९०६ पूर्वीच्या कागदांसाठी धुळ्यात विचारावे लागेल.

आजोबा शिकलेले होते का, हे तुम्ही लिहिले नाही. शिकले असतील तर गावच्या शाळेचे जनरल रजिस्टर पाहा. मुलाला शाळेत घालताना बापाचे नाव, जात आणि जन्मतारीख गुरुजी लिहून घेत. अस्थी घेऊन घरातले कुणी नाशिकला रामकुंडावर किंवा त्र्यंबकेश्वरला गेले असेल तर तीर्थोपाध्यायांच्या वहीतही नावे असतील. तुम्ही नाशिकलाच राहता. एका रविवारी चौकशी करून या.

इथवर कागदांचे झाले. तुमच्या पत्रातला जड भाग पुढे आहे, आणि तो तुम्ही शेवटच्या चार ओळींत उरकला आहे.

आत्या म्हणतात ते खरे असेल तर तुमचे आजोबा पणजीच्या पहिल्या घरचे. तुम्ही लिहिता, ‘मग आम्ही ज्यांना शोधतो आहोत ते आमचे कुणीच नाहीत का?’ हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. प्लेगने आणि दुष्काळाने त्या दहा-पंधरा वर्षांत किती तरुण बायका लेकरांसकट उघड्यावर आल्या असतील. पाट लावणे ही शेतकरी जातींतली राजरोस रीत होती, पंचांसमोर होणारी. एका माणसाने, जो स्वतः गाव सोडून आलेला होता, तिला घरात आणली, तिच्या लेकराला आपले नाव दिले आणि जमिनीत वाटा ठेवला. वारसाच्या नोंदीत आजोबांचे नाव असेल, आणि तुमच्या हातात आज ती जमीन आहे म्हणजे ते असणारच, तर त्या माणसाने मुलगा मानल्याची ती लेखी खूण आहे. तुमच्या वडिलांचे मूळ गाव विचारायचे तर ती तीन गावे होतील : पणजोबांचे, पणजीच्या पहिल्या घराचे, आणि तिच्या माहेरचे. मला वाटते, तिन्ही तुमची आहेत. एकच खरे आणि बाकीची खोटी, असे ठरवण्याची गरज कुठून आली, याचा शांतपणे विचार करा. पणजीचे नाव सबंध पत्रात कुठे नाही. तुम्हाला ते ठाऊक नसेल तर आत्यांना पहिला प्रश्न तोच विचारा.

पण हे मला वाटून उपयोग नाही. शोध वडिलांसाठी चालला आहे, तेव्हा पुढचे पाऊल टाकण्याआधी वडिलांशी एकट्याने बोला. काका नकोत, मुले नकोत, मोबाइल समोर नको. त्यांना विचारा की आत्या म्हणाल्या त्याचा छडा लावायचा आहे का. ते नको म्हणाले तर तुम्ही पणजोबांचे तापीपलीकडचे गाव शोधा, त्यांना तिथल्या देवीच्या दर्शनाला घेऊन जा, आणि दुसरी बाजू त्यांच्या हयातीत सोडून द्या. त्यात फसवणूक काही नाही. पणजोबांचे गाव हे त्यांचेच गाव आहे. ते हो म्हणाले तर जे निघेल ते आधी त्यांना दाखवायचे, हे ठरवून ठेवा. कागदाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकण्याची घाई अनेक घरांना महाग पडते. एका चुलतभावाला कौतुक वाटते, दुसऱ्याच्या मुलीची सोयरीक चाललेली असते.

काकांनाही नुसते जुन्या वळणाचे म्हणून सोडू नका. अशा घरांत ‘मढी उकरू नका’ म्हणणाऱ्याच्या मनात बहुधा दोन भीती असतात : आजोबा पहिल्या घरचे ठरले तर आपल्या वाट्यावर कुणी बोट ठेवेल का, आणि लोक काय म्हणतील. पहिलीवर सरळ बोला. इतक्या पिढ्या चालत आलेले फेरफार, वाटण्या आणि कब्जा जुन्या वहीत एक नाव सापडल्याने आपोआप हलत नाहीत. मनात तरी शंका राहिली तर दोघांनी मिळून एकदा वकिलाला विचारा, म्हणजे उत्तर दोघांनीही ऐकलेले असेल. आणि वाटा मागण्यासाठी हे करत नाही, असे काकांना तोंडाने सांगितले असले तरी चार ओळींत लिहूनही द्या. दुसऱ्या भीतीवर वाद घालू नका. त्यांना फक्त एवढे सांगा की त्यांना विचारल्याशिवाय घराबाहेर काही जाणार नाही, आणि ते पाळा.

तुमच्यासारखीच विचारणा करणाऱ्या इतरांसाठी एक पुरवणी. जातीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा असेल तर काम वेगळे आहे. तिथे वडिलांकडूनची वंशावळ आणि ठरलेल्या तारखांपूर्वीचे कागद लागतात : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. आठवणी, देवी आणि रोट तिथे चालत नाहीत. प्रमाणित नक्कलच लागते. दोन्ही शोध एकत्र करू नका. दाखल्याच्या घाईत माणसे नको ती नावे जुळवतात.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. आधी वडिलांशी बोलणे, मग आत्यांकडे दोन-तीनदा जाणे, मग सातबाऱ्यावरून फेरफार मागे नेणे, आणि वारसाची नोंद मिळाली की मगच कोतवाल बुक आणि १९५१ चे रजिस्टर. वंशावळीच्या कागदावर प्रत्येक नावासमोर ते कुठून कळले ते लिहा : ‘आत्या’, ‘फेरफार’, ‘कोतवाल बुक’. जिथे ऐकीव आणि लेखी जुळत नाही तिथे दोन्ही ठेवा, खोडू नका. पुढच्या श्रावणात कानबाईला भाऊबंद जमतील तेव्हा वडिलांची हरकत नसेल तर तो कागद बरोबर न्या आणि रिकाम्या जागा त्यांच्याकडून भरून घ्या. आत्यांना प्रवास झेपणार नसेल तर त्यांची तब्येत पाहून तुम्हीच त्याआधी जा, श्रावणाची वाट पाहू नका.